कॅफीनविरहित कॉफीच्या निर्मितीतील रासायनिक द्रावकांची सुरक्षितता : एक विवेचन

सारांश

कॉफीच्या कच्च्या दाण्यांतून कॅफीन वेगळे करण्यासाठी विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून सेंद्रिय द्रावकांचा वापर होत आला आहे. बेंझीन, ट्रायक्लोरोइथिलीन, डायक्लोरोमिथेन आणि इथाइल ॲसिटेट ही त्यांतील प्रमुख नावे होत. यांपैकी पहिले दोन द्रावक आरोग्यास घातक ठरल्याने मागे पडले. तिसऱ्याविषयीचा वाद अद्याप शमलेला नाही. प्रस्तुत लेखात या द्रावकांचे कार्य, त्यांच्याविषयीचा वैद्यकीय पुरावा आणि निरनिराळ्या देशांतील कायदेशीर मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे. द्रावकाचा अंगभूत घातकपणा आणि प्रत्यक्ष संपर्कातून उद्भवणारी जोखीम या दोन बाबी वेगळ्या आहेत. ग्राहकाच्या कपापेक्षा कामगाराच्या व प्रयोगशाळेतील विद्यार्थ्याच्या श्वासातून होणारा संपर्क कितीतरी मोठा आहे, हे आकडेवारीच्या आधारे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : कॅफीन, द्रावक, डायक्लोरोमिथेन, अवशेष, जोखीम-मूल्यमापन, व्यावसायिक आरोग्य.

१. प्रस्तावना

कॉफीतील उत्तेजक द्रव्य, म्हणजेच कॅफीन, जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलीब फर्डिनांड रुंगे यांनी १८१९ मध्ये वेगळे केले. या कामासाठी कॉफीचे दाणे त्यांना महाकवी गटे यांच्याकडून मिळाले होते. कॅफीन वेगळे करता येते हे सिद्ध झाले, तरी कॅफीन काढून घेतलेली कॉफी बाजारात येण्यास सुमारे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे जावी लागली. जर्मनीतील ब्रेमेन येथील व्यापारी लुडविग रोझेलियस यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यासाठी एक व्यापारी पद्धती विकसित केली. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या 'काफे हाग' या कंपनीद्वारे त्यांनी तिचा प्रसार केला. फ्रान्समध्ये हीच कॉफी 'सांका' या नावाने ओळखली जाऊ लागली. 'कॅफीनविना' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून हे नाव बनले आहे.

निद्रानाश, हृदयाची धडधड, गर्भारपण अशा कारणांसाठी ज्यांनी कॅफीन टाळले आहे, असे लोक ही कॉफी पितात. प्रकृतीची काळजी म्हणून निवडलेल्या पेयाच्या निर्मितीत एखादे घातक रसायन वापरले जात असेल, तर ग्राहकाच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. या शंकेला केवळ 'सुरक्षित' किंवा 'विषारी' अशा एका शब्दात दिलेले उत्तर अपुरे ठरते. कोणत्या द्रावकाविषयी, किती मात्रेविषयी आणि कोणाच्या संपर्काविषयी प्रश्न विचारला जात आहे, हे प्रथम निश्चित करावे लागते.

२. द्रावकाचे कार्य

अरेबिका जातीच्या कॉफीत साधारणपणे १.२ टक्के, तर रोबस्टा जातीच्या कॉफीत सुमारे २ टक्के कॅफीन असते. हे कॅफीन दाणे भाजण्यापूर्वीच काढले जाते, कारण भाजताना निर्माण होणारी सुगंधी संयुगे नंतरच्या प्रक्रियेत टिकत नाहीत. गरम पाण्यात कॅफीन चांगले विरघळते. परंतु पाण्याबरोबर शर्करा, आम्ले, प्रथिने असे चवीला आवश्यक असलेले घटकही निघून जातात. म्हणून कॅफीनला निवडकपणे विरघळविणारा द्रावक हवा असतो. सामान्य तापमानाला एक मिलिलिटर पाण्यात सुमारे २२ मिलिग्रॅम कॅफीन विरघळते. तेवढ्याच डायक्लोरोमिथेनमध्ये मात्र सुमारे १४० मिलिग्रॅम विरघळते. चवीच्या बहुतेक जलविद्राव्य घटकांना हा द्रावक स्पर्शही करीत नाही. उद्योगांनी त्याला पसंती दिली ती या गुणामुळे.

द्रावक वापरण्याच्या दोन पद्धती आहेत. प्रत्यक्ष पद्धतीत कच्चे दाणे वाफेने फुगवून मऊ केले जातात आणि द्रावकाने पुन:पुन्हा धुतले जातात. त्यानंतर वाफेचा मारा करून दाण्यांत उरलेला द्रावक हुसकावून लावला जातो आणि दाणे पूर्ववत वाळविले जातात. अप्रत्यक्ष पद्धतीत दाण्यांचा द्रावकाशी थेट संबंध येत नाही. दाणे गरम पाण्यात भिजविले जातात, ते पाणी वेगळे काढून त्यातील कॅफीन द्रावकाने शोषून घेतले जाते आणि चवीचे घटक असलेले पाणी पुन्हा दाण्यांत मुरविले जाते. दोन्ही पद्धतींत मिळणारे कॅफीन वाया जात नाही. शीतपेये व औषधे यांच्या निर्मात्यांना ते विकले जाते.

कॅफीनविरहित कॉफी संपूर्णतः कॅफीनमुक्त नसते, हेही येथे नमूद केले पाहिजे. युरोपीय देशांत भाजलेल्या कॅफीनविरहित कॉफीत शुष्क भाराच्या ०.१ टक्क्यापर्यंत कॅफीन राहू दिले जाते.

३. बेंझीनपासून डायक्लोरोमिथेनपर्यंत

रोझेलियस यांच्या मूळ पद्धतीत द्रावक म्हणून बेंझीन वापरले जात असे. त्या काळी बेंझीन हे एक उपयुक्त व स्वस्त औद्योगिक रसायन मानले जाई. पुढे बेंझीनच्या वाफेत काम करणाऱ्या कामगारांमध्ये रक्तपेशी-निर्मितीचे विकार आणि रक्ताचा कर्करोग आढळून आला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेंझीनला मानवात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात स्थान दिले आहे.

बेंझीननंतर क्लोरीनयुक्त द्रावक आले. ते पेट घेत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण होता. अमेरिकेत ट्रायक्लोरोइथिलीनचा वापर १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने उंदरांवर केलेल्या चाचण्यांत या द्रावकामुळे यकृताचे अर्बुद झाल्याचे १९७५-७६ मध्ये पुढे आले आणि कॉफी-उद्योगाने तो सोडून दिला. २०१२ मध्ये झालेल्या पुनर्मूल्यमापनात, मुख्यतः मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या पुराव्यावरून, ट्रायक्लोरोइथिलीनचाही समावेश पहिल्या गटात करण्यात आला. उद्योगाने पन्नास वर्षांपूर्वी सोडलेल्या या द्रावकाची परवानगी-नोंद अमेरिकेच्या अन्न नियमावलीत मात्र २०२४ मध्येही कायम होती. एखादी गोष्ट कायद्याने अनुज्ञेय असणे आणि ती प्रत्यक्षात वापरात असणे या दोहोंत अंतर असू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

ट्रायक्लोरोइथिलीनची जागा डायक्लोरोमिथेनने घेतली. याचेच दुसरे नाव मिथिलीन क्लोराइड. त्याचा उत्कलनांक सुमारे ४० अंश सेल्सिअस इतका कमी आहे. दाणे वाफेने शुद्ध होतात, नंतर २०० अंशांच्या आसपास भाजले जातात आणि अखेरीस उकळत्या पाण्याने कॉफी तयार होते. या तीनही टप्प्यांवर उरलासुरला द्रावक उडून जाण्याची संधी असते. त्यामुळे भाजलेल्या कॉफीत आढळणारे अवशेष सामान्यतः कायदेशीर मर्यादेपेक्षा पुष्कळ कमी असतात.

४. डायक्लोरोमिथेनविषयीचा पुरावा

अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाचा १९८६ चा अहवाल या संदर्भात महत्त्वाचा आहे. त्या प्रयोगांत उंदरांना दिवसाला सहा तास, आठवड्यातून पाच दिवस, सुमारे दोन वर्षे डायक्लोरोमिथेनयुक्त हवेत ठेवण्यात आले. हवेतील प्रमाण दशलक्ष भागांत २,००० व ४,००० भाग इतके होते. या उंदरांत फुप्फुस व यकृत यांच्या अर्बुदांत स्पष्ट वाढ झाली. कॉफी-उद्योगाच्या पुढाकाराने झालेल्या दुसऱ्या चाचण्यांत हाच पदार्थ पिण्याच्या पाण्यातून, शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दिवसाला २५० मिलिग्रॅमपर्यंत देण्यात आला. तेथे इतका ठळक परिणाम दिसला नाही. नर उंदरांच्या यकृतात आढळलेल्या किंचित वाढीचा अर्थ काय, याबाबत मात्र तज्ज्ञांत मतभेद राहिले.

या फरकाचे कारण शरीरातील चयापचयात आहे. डायक्लोरोमिथेनचे विघटन दोन मार्गांनी होते. पहिल्या मार्गाने त्याचे कार्बन मोनॉक्साइड तयार होते. मात्रा अल्प असताना हा मार्ग प्रमुख असतो. मात्रा वाढली की तो अपुरा पडतो आणि ग्लुटाथायोनवर आधारलेला दुसरा मार्ग अधिकाधिक वापरला जातो. याच दुसऱ्या मार्गाने डीएनएला इजा करणारी मध्यस्थ संयुगे निर्माण होतात. उंदराच्या यकृतात व फुप्फुसात हा मार्ग मानवाच्या तुलनेत बराच कार्यक्षम आहे. म्हणून उंदरांवरील निष्कर्ष मानवाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. परंतु मानवातही हा मार्ग अस्तित्वात असल्याने ते निष्कर्ष दुर्लक्षिताही येत नाहीत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये डायक्लोरोमिथेनला '२-अ' म्हणजे 'मानवात कर्करोगकारक असण्याची दाट शक्यता' या गटात ठेवले.

हे वर्गीकरण पदार्थाच्या अंगी असलेल्या घातकपणाविषयी बोलते. किती मात्रेत किती लोकांना अपाय होईल, हे त्यातून कळत नाही. घातकपणा आणि जोखीम यांतील हा भेद लक्षात न घेतल्याने कॅफीनविरहित कॉफीविषयीच्या चर्चेत अनेकदा गोंधळ होतो.

५. एका कपाचा हिशेब

युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानुसार भाजलेल्या कॉफीत डायक्लोरोमिथेनचे अवशेष प्रतिकिलो २ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नयेत. अमेरिकेत ही मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग, म्हणजे प्रतिकिलो १० मिलिग्रॅम आहे. एका कपासाठी १० ग्रॅम कॉफीची पूड लागते आणि त्यातील सर्व अवशेष न उडता कपात उतरतात, असे वाईटात वाईट गृहीत धरले, तर युरोपीय मर्यादेनुसार एका कपात अधिकाधिक ०.०२ मिलिग्रॅम आणि अमेरिकी मर्यादेनुसार ०.१ मिलिग्रॅम डायक्लोरोमिथेन येऊ शकते.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०११ मध्ये तोंडावाटे घेतलेल्या डायक्लोरोमिथेनसाठी शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दिवसाला ०.००६ मिलिग्रॅम ही संदर्भ-मात्रा ठरविली. ६० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीसाठी ती दिवसाला ०.३६ मिलिग्रॅम होते. म्हणजे युरोपीय मर्यादेला टेकलेली कॉफी दिवसाला अठरा कप प्यायल्यावर ही मात्रा गाठली जाईल. अमेरिकी मर्यादेला टेकलेली कॉफी असेल तर चौथ्या कपातच ती ओलांडली जाईल.

कर्करोगाच्या जोखमीचाही असाच हिशेब मांडता येतो. याच संस्थेने, वर उल्लेखिलेल्या पिण्याच्या पाण्यातील चाचण्यांमधील नर उंदरांच्या आकड्यांवरून, सावधगिरीच्या बाजूने झुकणारा एक गुणांक काढला. त्यानुसार युरोपीय मर्यादेची कॉफी आयुष्यभर दररोज एक कप पिणाऱ्या दहा लाख लोकांत कर्करोगाचे एकाहून कमी अतिरिक्त प्रकरण संभवते. अमेरिकी मर्यादेनुसार हा आकडा दहा लाखांत सुमारे तीन होतो. प्रत्यक्षातील अवशेष मर्यादेपेक्षा बरेच कमी असल्याने खरी जोखीम याहूनही अल्प असते.

या हिशेबातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. बाजारातील कॉफीच्या कपातून ग्राहकाला होणारी जोखीम अत्यल्प आहे. मात्र अमेरिकेतील कायदेशीर मर्यादा या अत्यल्प जोखमीची हमी देण्याइतकी कडक नाही. तेथे ग्राहकाचे रक्षण कायद्यापेक्षा उद्योगाच्या प्रचलित कार्यपद्धतीने अधिक होत आहे.

६. कायद्याच्या दोन भूमिका

अमेरिकेत १९५८ च्या अन्न-मिश्रके दुरुस्ती कायद्यात 'डिलेनी कलम' म्हणून प्रसिद्ध असलेली तरतूद आहे. मानवात किंवा प्राण्यात कर्करोग निर्माण करणारा कोणताही पदार्थ अन्नमिश्रक म्हणून सुरक्षित मानता येणार नाही, असे ते कलम सांगते. मात्रेचा विचार त्यात नाही. १९५८ मध्ये अशा पदार्थांची संख्या थोडी होती आणि सूक्ष्म अवशेष मोजण्याची साधनेही मर्यादित होती. पुढे रासायनिक विश्लेषणाची क्षमता वाढत गेली आणि पूर्वी शून्य वाटणारे अवशेष मोजता येऊ लागले. त्यामुळे या कलमाचा शब्दशः अर्थ लावणे प्रशासनाला अवघड होऊ लागले.

डिसेंबर १९८५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डायक्लोरोमिथेनविषयी दोन भिन्न भूमिका घेतल्या. सौंदर्यप्रसाधनांतील, विशेषतः केसांवर फवारण्याच्या द्रव्यांतील, त्याच्या वापरावर बंदीचा प्रस्ताव मांडण्यात आला आणि १९८९ मध्ये ती बंदी अमलात आली. कॉफीतील वापर मात्र, जोखीम दहा लाखांत एकापेक्षा अधिक नाही या कारणास्तव, चालू ठेवण्यात आला. पदार्थ एकच आणि प्राण्यांवरील पुरावाही एकच होता. फवाऱ्यातील द्रावक थेट श्वासात जातो आणि केशकर्तनालयात काम करणाऱ्यांना तो दिवसभर घ्यावा लागतो, हा फरक निर्णायक ठरला. जोखीम-मूल्यमापनाच्या दृष्टीने हा भेद शास्त्रीय आहे. कायद्याच्या शब्दांशी तो कितपत जुळतो, हा प्रश्न मात्र उरतो. 'नगण्य जोखीम' या कारणाने डिलेनी कलमातून सूट देता येत नाही, असा निर्णय संघीय न्यायालयांनी १९८७ मध्ये रंगद्रव्यांच्या आणि १९९२ मध्ये कीटकनाशकांच्या अवशेषांच्या खटल्यांत दिला.

हा वाद २०२३-२४ मध्ये पुन्हा पुढे आला. बेंझीन, ट्रायक्लोरोइथिलीन, डायक्लोरोमिथेन आणि इथिलीन डायक्लोराइड यांना अन्नप्रक्रियेत दिलेली परवानगी मागे घ्यावी, अशी याचिका पर्यावरण व ग्राहक संघटनांनी प्रशासनाकडे दाखल केली. जानेवारी २०२४ मध्ये तिची अधिकृत सूचना प्रसिद्ध झाली. तिचा मुख्य आधार डिलेनी कलम हाच आहे.

७. पर्यायी पद्धती

इथाइल ॲसिटेट हा द्रावक अनेक फळांत अल्प प्रमाणात आढळतो. कोलंबियात उसापासून मिळणाऱ्या अल्कोहोलपासून तो बनवितात आणि त्याने प्रक्रिया केलेल्या कॉफीची विक्री 'उसाची पद्धत' या नावाने होते. कारखान्यात कृत्रिमरीत्या तयार केलेल्या इथाइल ॲसिटेटचा रेणू आणि फळातील रेणू यांत काही फरक नाही. म्हणून 'नैसर्गिक' हे विशेषण त्याच्या सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही. त्याची विषाक्तता कमी आहे, हे खरे कारण होय. मात्र तो अत्यंत ज्वालाग्राही असून शून्याखालील तापमानालाही त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. त्यामुळे येथे कर्करोगाच्या जागी आगीचा धोका येतो आणि तो कामगारांनाच पत्करावा लागतो.

कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअस तापमान व सुमारे ७४ बार दाब यांपलीकडे गेला की वायू व द्रव या दोहोंचे गुण दाखवितो. या अवस्थेत तो ओल्या दाण्यांतील कॅफीन निवडकपणे ओढून घेतो. जर्मनीतील माक्स प्लांक कोळसा संशोधन संस्थेत कुर्ट झोझेल यांनी १९६० च्या दशकात हे तंत्र शोधले. त्यात अवशेषांचा प्रश्न उद्भवत नाही. उच्च दाबाच्या यंत्रसामग्रीचा मोठा खर्च ही त्याची मर्यादा आहे. केवळ पाणी व सक्रियित कोळसा यांवर आधारलेली 'स्विस वॉटर' पद्धतीही प्रचलित असून १९८८ पासून कॅनडात तिचा कारखाना चालू आहे.

पर्याय उपलब्ध आहेत, ही बाब धोरणाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जोखीम अत्यल्प असली तरी ती टाळता येण्याजोगी असेल, तर ती का स्वीकारावी, या प्रश्नाचे उत्तर केवळ विषशास्त्रात मिळत नाही. खर्च, चव आणि ग्राहकाचा माहितीचा अधिकार यांचाही विचार त्यात येतो.

८. कारखाना आणि प्रयोगशाळा

कॅफीनविरहित कॉफीच्या सुरक्षिततेची चर्चा बहुधा कपापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. वस्तुतः डायक्लोरोमिथेनमुळे झालेल्या मृत्यूंची नोंद कामाच्या जागी सापडते. अमेरिकेत १९८० ते २०१८ या काळात या द्रावकामुळे ८५ मृत्यू झाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. त्यांतील बहुसंख्य मृत व्यक्ती कामगार होत्या. बंदिस्त न्हाणीघरात रंग खरवडताना वा तत्सम काम करताना वाफ साचून गुंगी येणे, श्वसन थांबणे आणि रक्तात कार्बन मोनॉक्साइड वाढणे, असे या अपायाचे स्वरूप आहे.

अमेरिकेत कार्यस्थळाच्या हवेतील आठ तासांची सरासरी मर्यादा १९९७ पर्यंत दशलक्ष भागांत ५०० भाग होती. त्या वर्षी ती २५ करण्यात आली. २५ भागांच्या मर्यादेत एका घनमीटर हवेत सुमारे ८७ मिलिग्रॅम द्रावक असतो. आठ तासांत १० घनमीटर हवा श्वासात घेणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसांत त्यानुसार सुमारे ८७० मिलिग्रॅम द्रावक जातो. युरोपीय मर्यादेच्या कॉफीचे चाळीस हजारांहून अधिक कप प्यायल्यावर जेवढा द्रावक पोटात जाईल, तेवढी ही मात्रा आहे. श्वासातील सर्व द्रावक रक्तात शोषला जात नाही, हे लक्षात घेऊनही दोहोंतील तफावत प्रचंड आहे. मे २०२४ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने बहुतेक औद्योगिक व सर्व घरगुती वापरांवर बंदी घालून, उरलेल्या वापरांसाठी ही मर्यादा २ भागांवर आणली. अन्नमिश्रक म्हणून होणारा वापर त्या कायद्याच्या कक्षेबाहेर असल्याने कॉफीला हा नियम लागू झाला नाही.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या विषयाचा सर्वांत निकटचा पैलू प्रयोगशाळेत आहे. चहापत्तीतून कॅफीन वेगळे करणे हा सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांतील परिचित प्रयोग असून त्यासाठी क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन वापरतात. कॉफीच्या कारखान्यातील निष्कर्षणाची ही लहान प्रतिकृतीच होय. वीस विद्यार्थ्यांच्या तुकडीत प्रत्येकाने केवळ अडीच मिलिलिटर डायक्लोरोमिथेन उघड्या जलतापकावर उडविले, तर एकूण ५० मिलिलिटर, म्हणजे सुमारे ६६ ग्रॅम द्रावक हवेत जातो. १० मीटर लांब, ८ मीटर रुंद व ४ मीटर उंच प्रयोगशाळेत खिडक्या बंद असतील, तर हवेतील प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ६० भाग होते. प्रयोगात प्रत्यक्षात लागणारा द्रावक याच्या अनेक पट असतो. वासावर विसंबणेही उपयोगाचे नाही. कारण वास जाणवेपर्यंत मर्यादा केव्हाच ओलांडली गेलेली असते. प्रयोगशाळेतील नेहमीचे लॅटेक्स व नायट्राइल हातमोजेही या द्रावकाला काही मिनिटांपेक्षा अधिक काळ रोखू शकत नाहीत.

विद्यार्थ्याचा संपर्क एखाद्या दुपारपुरता असतो. त्याच प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे काम करणारे अध्यापक, प्रयोगशाळा सहायक व परिचर यांचा संपर्क मात्र साचत जातो. द्रावक उडविण्याचे काम चालू स्थितीतील फ्यूम हूडमध्ये किंवा ऊर्ध्वपातनाने करणे, द्रावक परत मिळविणे, प्रयोग कमी मात्रेत करणे आणि इथाइल ॲसिटेट अथवा संप्लवनाची पद्धत वापरून पाहणे, हे उपाय फारशा खर्चाशिवाय योजता येतात. इथाइल ॲसिटेट वापरल्यास कॅफीनचा उतारा काहीसा कमी मिळतो आणि उघडी ज्योत कटाक्षाने दूर ठेवावी लागते. ही तुलना विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास द्रावकाची निवड हाच प्रात्यक्षिकाचा एक अभ्यासविषय होऊ शकतो.

९. निष्कर्ष

१. डायक्लोरोमिथेनने प्रक्रिया केलेल्या कॉफीतून ग्राहकाला होणारी जोखीम उपलब्ध पुराव्यानुसार अत्यल्प आहे. प्रकृतीच्या कारणास्तव अशी कॉफी पिणाऱ्याने ती भीतीपोटी सोडण्याचे कारण दिसत नाही.

२. अमेरिकेतील प्रतिकिलो १० मिलिग्रॅम ही मर्यादा आजच्या ज्ञानाच्या तुलनेत सैल आहे. युरोपीय मर्यादा आरोग्यविषयक मूल्यमापनाशी अधिक सुसंगत आहे.

३. बेंझीन व ट्रायक्लोरोइथिलीन यांचा इतिहास पाहता, एका काळी निर्धोक मानलेला द्रावक पुढे घातक ठरू शकतो. म्हणून समाधानकारक पर्याय उपलब्ध असताना त्यांच्याकडे वळणे श्रेयस्कर होय.

४. द्रावकाचा खरा भार कप पिणाऱ्यापेक्षा तो हाताळणाऱ्यावर पडतो. सुरक्षिततेच्या मूल्यमापनात कारखान्यातील कामगार आणि प्रयोगशाळेतील विद्यार्थी व कर्मचारी यांना प्रथम स्थान मिळणे आवश्यक आहे. त्यांपैकी प्रयोगशाळेतील परिस्थिती सुधारणे हे महाविद्यालयांच्या स्वतःच्या अधिकारात आहे.